मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरची सहकुटुंब सहल

एप्रिल महिना सरत आला आणि शाळांच्या परीक्षा आटोपल्या, की आपल्या रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागाबाहेरील बाकांवर एक प्रश्न दरवर्षी हमखास ऐकू येतो. डॉक्टर रागावतील या भीतीने तो तपासणीच्या खोलीत सहसा विचारला जात नाही. केसपेपरच्या खिडकीशी, देयक भरताना, किंवा माझ्या टेबलासमोर उभे राहून तो विचारला जातो. "साहेब, बाबांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. मुलांना सुट्टी आहे. गणपतीपुळ्याला जायचं म्हणतोय. त्यांना नेलं तर चालेल का?"

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून त्याचे आयुष्य खतावण्या, निविदा आणि लेखापरीक्षण यांत गेले आहे. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देण्याचा त्याला अधिकार नाही, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे. परंतु हा प्रश्न इतक्या वेळा कानी पडला, आणि आमच्या शल्यचिकित्सकांनी व भौतिकोपचार विभागातील सहकाऱ्यांनी त्याची उत्तरे इतक्या वेळा समजावून दिली, की ती एकत्र मांडावीत असे वाटले. वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या येते, जमाखर्च येतो, देणगीदारांची नावे येतात. ज्याच्यासाठी हे सारे केले तो मनुष्य घरी गेल्यावर पुढे कसा जगतो, हे मात्र कोणत्याही परिशिष्टात सापडत नाही. सहलीचा प्रश्न हा वस्तुतः त्या जगण्याचाच प्रश्न आहे.

बरे वाटणे आणि बरे होणे

मनुष्याच्या पाठीच्या कण्यात लहानपणी ३३ मणके असतात. त्यांपैकी खालचे नऊ पुढे एकमेकांस जुळून त्रिकास्थी व माकडहाड तयार होते, आणि २४ मणके आयुष्यभर सुटे राहतात. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, जिला आपण सर्वजण 'गादी' म्हणतो. तिचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे आणि आतला गाभा मऊ असतो. कडे फाटून गाभा मागे सरकला आणि पायाकडे जाणाऱ्या चेतातंतूच्या मुळावर दाबला गेला, की कमरेपासून पोटरीपर्यंत ती सुपरिचित कळ निघते. आयुर्वेदात या व्याधीस गृध्रसी म्हटले आहे. सरकलेली चकती हे या दुखण्याचे कारण असू शकते आणि ती शस्त्रक्रियेने काढता येते, हे बोस्टन येथील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार या दोघा शल्यचिकित्सकांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाने जगासमोर आले. कंबरेच्या शेवटच्या दोन चकत्यांवर भार अधिक असल्याने बहुसंख्य तक्रारी तेथील असतात.

शस्त्रक्रियेत चेतातंतूवरील दाब काढला जातो, आणि पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत पायाची कळ त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी नाहीशी होते. महिनोन्महिने रात्र रात्र जागून काढलेल्या माणसास हा चमत्कारच वाटतो, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते. कळ गेली म्हणजे पाठ बरी झाली, असे रुग्ण धरून चालतो आणि घरचे लोकही तसेच धरून चालतात. परंतु ज्या कड्यातून गाभा बाहेर आला तेथील छिद्र तसेच असते. चकतीस थेट रक्तपुरवठा जवळपास नसतो, म्हणून ती सावकाश भरते. त्याच ठिकाणी पुन्हा गाभा सरकण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत शंभरात साधारणतः पाच ते पंधरा असे आढळते.

स्क्रू आणि सळ्या घालून दोन मणके एकमेकांस जोडण्याच्या शस्त्रक्रियेत तर हा काळ आणखी मोठा असतो. आमचे एक ज्येष्ठ शल्यचिकित्सक यासाठी बांधकामाचा दाखला देत असत, आणि आमच्या विश्वस्तांपैकी जे त्या व्यवसायात आहेत त्यांस तो विशेष पटत असे. स्लॅब ओतला म्हणजे घर झाले असे नव्हे. खाली सेंटरिंगच्या बल्ल्या उभ्या असतात आणि वरून रोज पाणी मारावे लागते. स्क्रू आणि सळ्या या त्या बल्ल्या होत. खरा जोड हाडाने हाडाशी धरावयाचा असतो, आणि त्यास तीन ते सहा महिने, काहींच्या बाबतीत वर्षही लागते. त्यापूर्वी भार टाकला तर आधीच्या आधारासच धक्का बसतो. येथे एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. तंबाखू, मशेरी, विडी यांपैकी काहीही चालू असेल तर निकोटिनमुळे हाड जुळण्यास अडथळा येतो. सहलीस जावे की न जावे यावर घरात तासन्तास चर्चा करणारी मंडळी या गोष्टीकडे काणाडोळा करतात.

तेव्हा 'केव्हा जावे' याचे सर्वसाधारण उत्तर असे. दहा ते चौदा दिवसांनी टाके निघेपर्यंत सहलीचा विषयच नको. केवळ चकतीची शस्त्रक्रिया असेल तर पहिले सहा आठवडे वाकणे, वजन उचलणे आणि कंबरेत पिळणे वर्ज्य असते, आणि त्यानंतर बेताचा प्रवास बहुधा मान्य होतो. मणके जोडले असतील तर निदान तीन महिने, आणि तेही क्ष-किरण चित्र पाहून शल्यचिकित्सकांनी होकार दिल्यावरच. वय, मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा आणि पायात उरलेला अशक्तपणा यांनुसार ही मुदत पुढे जाते. शेजारच्या गृहस्थांना दीड महिन्यात परवानगी मिळाली, हा आधार होऊ शकत नाही.

प्रवास म्हणजे बहुतांशी बसणे

सहलीचा धोका लोकांस डोंगर चढण्यात दिसतो. वास्तविक तो बसण्यात अधिक असतो. स्वीडनमधील शल्यचिकित्सक ॲल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून आतील दाब मोजला. उभे राहिल्यावरचा दाब १०० मानला तर उताणे निजल्यावर तो सुमारे २५, ताठ पण आधाराविना बसल्यावर १४० आणि बसून पुढे वाकल्यावर १८५ असा त्यांचा ताळा होता. पुढे १९९९ साली जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत मापक ठेवून पुन्हा मोजमाप केले. त्यांना सैलपणे रेलून बसल्यावर दाब उभे राहण्यापेक्षा किंचित कमीच आढळला. मात्र पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना तो उभे राहण्याच्या चौपटीहून अधिक झाला. हिशेबनिसाच्या नजरेने पाहता दोन्ही खतावण्यांत एक रक्कम जुळते : पाठीस टेकू देऊन बसणे वेगळे, पुढे झुकून बसणे वेगळे, आणि वाकून बॅग उचलणे सर्वांत महाग.

यात धावत्या वाहनाच्या हादऱ्यांची भर पडते. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला सुमारे चार ते सहा कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो आणि मोटारी, बस यांचे हादरे नेमके त्याच टापूत पडतात. एस.टी.च्या मागच्या चाकापलीकडील आसनावर बसून खड्ड्यातून गेल्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको. बसने जाणे अटळच असेल तर पुढच्या व मागच्या चाकांच्या मधली जागा घ्यावी. मोटारीत चालकाशेजारील आसन थोडे मागे रेलते करावे, कंबरेच्या पोकळीत लहान उशी अथवा गुंडाळलेला पंचा ठेवावा, आणि दर तासास, फार तर सव्वा तासास, उतरून पाच-दहा मिनिटे चालावे. 'अजून थोडं पुढं जाऊन थांबू' हे वाक्य रुग्णाच्या गाडीत उच्चारू नये. द्रुतगती महामार्गावर वाटेल तेथे गाडी उभी करता येत नाही, म्हणून थांबण्याची ठिकाणे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावीत. रुग्णाने स्वतः गाडी चालविण्याचा प्रश्न डॉक्टरांच्या परवानगीचा आहे. चेतातंतूंच्या वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी झापड येते, एवढे लक्षात असू द्यावे.

लांबच्या प्रवासास आगगाडी उत्तम, कारण तीत निजता येते आणि चालता येते. परंतु येथेही आरक्षणाची मेख आहे. साठ वर्षांवरील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी रेल्वेने खालच्या शायिकांचा कोटा ठेवलेला आहे. मात्र त्याचा लाभ अशा प्रवाशांचे एकट्याचे वा दोघांचेच तिकीट असेल तर मिळतो. सहा जणांच्या कुटुंबाचे एकच तिकीट काढले की आजोबांच्या वाट्यास वरची शायिका येण्याचा पुरेपूर संभव असतो. म्हणून आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढावे. हे नियम वेळोवेळी बदलतात, यास्तव १३९ या क्रमांकावर आधी विचारून घ्यावे. पन्नाशीतील पुरुष रुग्ण या कोट्यात बसत नाही. त्याने डब्यातील तिकीट तपासनीसास डॉक्टरांचे पत्र दाखवून विनंती करावी, आणि सहप्रवाशांनाही करावी. आपल्याकडील माणसे असे कारण ऐकल्यावर सहसा नकार देत नाहीत. अलीकडच्या वंदे भारत गाड्या वेगवान आणि स्वच्छ खऱ्या, परंतु मुंबई-सोलापूरसारख्या मार्गावरील या गाड्यांत केवळ बसण्याची आसने आहेत. साडेसहा तास बसण्यापेक्षा जुन्या गाडीत रात्रभर निजून जाणे पाठीस अधिक मानवते.

विमानाबद्दल लोकांस वाटते ती भीती बहुधा अनाठायी असते. शरीरातील धातूमुळे सुरक्षा तपासणीत यंत्र वाजेल, ही त्यांपैकी पहिली. टायटेनियमच्या स्क्रूंनी ते नेहमी वाजतेच असे नाही. वाजले तर शस्त्रक्रियेचा सारांश दाखवावा, हातातील यंत्राने तपासणी होते आणि काम भागते. त्यापेक्षा महत्त्वाची बाब रक्ताच्या गुठळीची आहे. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्याने पायाच्या खोल शिरांत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालात म्हटले आहे. हा धोका विमानापुरता नसून मोटार, बस व रेल्वे यांतही तो असतो. निरोगी माणसांत तो अत्यल्प, सुमारे सहा हजारांत एक, असला तरी नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेने तो वाढतो. त्यासाठी चालणे, पाऊल घोट्यातून वरखाली हलविणे, पुरेसे पाणी पिणे, आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास घट्ट मोजे घालणे एवढे करावे. शौचालयास जावे लागेल म्हणून पाणीच न पिणे ही विशेषतः आपल्या माताभगिनींची जुनी सवय आहे, आणि ती येथे घातक ठरते.

आजकाल परदेशी असलेल्या लेकीच्या बाळंतपणास जाणाऱ्या आयांची संख्या मोठी आहे. अमेरिकेस थेट उड्डाण केले तरी पंधरा-सोळा तास बसावे लागते. त्यांस व्हीलचेअरची नोंद तिकिटाबरोबरच करावयास आम्ही सांगतो. त्यात कमीपणा कसला? पण विमानाहून अवघड प्रसंग तेथे पोहोचल्यावर येतो. नवजात बाळ तीन किलोचे असते आणि वर्षाच्या नातवाचे वजन नऊ-दहा किलो भरते. पाळण्यातून वाकून त्यास उचलणे म्हणजे वर सांगितलेला सर्वांत महाग व्यवहार होय. आजीने बसावे आणि बाळ दुसऱ्याने तिच्या मांडीवर आणून द्यावे.

स्थळ कोणते, आणि मुक्काम कसा

सहलीची ठिकाणे निवडताना घरातील मंडळी देखावा पाहतात. रुग्णाच्या दृष्टीने पायऱ्या, रांगा आणि संडास पाहावयास हवेत. अष्टविनायक यात्रा दोन दिवसांत उरकण्याची पद्धत आहे. तीत सर्वांत कठीण लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या नसून आठ देवळांच्या घाईत गाडीत घालवावे लागणारे तास असतात. दोन स्थाने करावीत, उरलेली पुढच्या वर्षी. गणपती कोठे जात नाही. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आहे आणि रायगडास १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. यामुळे जे पूर्वी अशक्य होते ते शक्य झाले. माथेरानला मोटारी जात नाहीत आणि घोड्यावर बसणे या रुग्णांस सर्वथा वर्ज्य आहे, म्हणून ते स्थळ पहिल्या वर्षी टाळलेले बरे. पंढरपूर, शिर्डी, तिरुपती येथे रांगेत तासन्तास एका जागी उभे राहावे लागते. वृद्ध व आजारी भाविकांसाठी वेगळी सोय आहे काय, याची चौकशी देवस्थानाकडे आधीच करावी. नवस बोललेला असेल तर तो फेडण्यास मुदत मागून घेता येते, हे आमच्या वयोवृद्ध भटजींनीच एका रुग्णाला सांगितल्याचे आठवते.

समुद्रकिनारी ओल्या, घट्ट वाळूवर चालणे चांगले. भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि कंबर पिळली जाते. जखम पूर्ण भरल्याशिवाय समुद्रात वा जलतरण तलावात उतरू नये. मालवणच्या किल्ल्यास नेणाऱ्या होडीत चढता-उतरताना तोल सांभाळावा लागतो, आणि तारकर्लीच्या जलक्रीडा तसेच उद्यानांतील झोके-पाळणे तर रुग्णाने दुरूनच पाहावेत.

मुक्कामाची जागा ठरविताना दूरध्वनीवर तीन प्रश्न विचारावेत : खोली तळमजल्यावर आहे का, संडास खुर्चीचा आहे का, आणि न्हाणीघरात धरावयास काही आहे का. किनाऱ्यावरील घरगुती निवासांत अद्यापही पुष्कळ ठिकाणी उकिडवे बसावयाचे शौचकूप असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत तसे बसणे आणि त्यातून उठणे ही मोठीच शिक्षा असते. घडीची कमोड खुर्ची मोटारीच्या डिकीत मावते. अंघोळीस बुटक्या पाटाऐवजी उंच स्टूल घ्यावे आणि बादलीही दुसऱ्या स्टुलावर ठेवावी, म्हणजे वाकावे लागत नाही. जेवणाच्या पंगतीत खाली बसण्याचा आग्रह कोणी केला तरी खुर्ची मागून घ्यावी. देवापुढेही उभ्याने हात जोडावेत.

गादीविषयी एक गैरसमज दृढ आहे. पाठीचा रुग्ण म्हटला की यजमान त्याला फळीवर निजवतात. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांस अतिकठीण गादीपेक्षा मध्यम कठीण गादी अधिक मानवते, असे त्यात आढळले. तो अभ्यास शस्त्रक्रिया झालेल्यांचा नव्हता, तरीही फळीचा आग्रह सोडावयास तो पुरेसा आहे. हॉटेलातील खोल रुतणारी गादी मात्र नको.

सहल कोणाची

गेल्या काही वर्षांत पाहिलेली दोन उदाहरणे येथे नावे वगळून देतो. एका शाळेतून निवृत्तीस आलेले शिक्षक, मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून सात आठवड्यांनी कुटुंबासह कोकणात उतरले. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. मुलाची रजा मेमध्येच होती आणि आपल्यामुळे नातवंडांची सुट्टी वाया गेली असे त्यांस वाटू लागले होते. घरातील कोणी त्यांस आग्रह केला नव्हता, किंबहुना सूनबाईंनी नकोच म्हटले होते. घाटात तीन तास सलग प्रवास झाला, आणि मुक्कामी पोहोचल्यावर सर्वजण समुद्राकडे धावले असता सरांनी टपावरील बॅग स्वतः खाली घेतली. रात्री कळ निघाली आणि दुसऱ्या दिवशी पाऊल वर उचलेना. सहल तेथेच संपली. पुढे दुसरी शस्त्रक्रिया झाली व तिचा निम्मा खर्च निर्धन रुग्ण निधीतून करावा लागला. आज ते काठी घेऊन चालतात. त्यांच्याशी बोलताना लक्षात येते की त्यांस वेदनेहून अधिक सलते ते नातवंडांनी त्या रात्री पाहिलेले आजोबांचे रडणे.

दुसरे उदाहरण एका गृहिणीचे आहे. वय अठ्ठेचाळीस, चकतीची शस्त्रक्रिया. कन्या उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेली, आणि सर्वांनी मिळून एकदा कोठेतरी जावे अशी तिची इच्छा. आई म्हणाल्या, "तुम्ही जा, मी घरी थांबते." यजमान आमच्याकडे विचारावयास आले तेव्हा बेत रद्द करण्याच्याच मनःस्थितीत होते. भौतिकोपचार विभागातील ताईंनी कागद घेऊन बेत नव्याने आखून दिला. दहा आठवडे उलटल्यावर निघावयाचे, चार स्थळांऐवजी एकच स्थळ, आंबा घाटापूर्वी व घाटानंतर थांबा, दुपारी दोन तास आडवे पडणे, आणि सामान फक्त दोघांनी उचलावयाचे. गणपतीपुळ्यास त्यांनी तीन रात्री काढल्या. टेकडीभोवतीची सुमारे एक किलोमीटरची प्रदक्षिणा मायलेकींनी दोन वेळा बसून, पाऊण तासात पूर्ण केली. परत आल्यावर त्या बाईंनी सांगितलेली गोष्ट मला महत्त्वाची वाटते. घरी असते तर ओट्याखालचे डबे काढताना दिवसातून पन्नासदा वाकले असते, तेथे तीन दिवस कोणी आयते ताट दिले, असे त्या म्हणाल्या.

या बोलण्यात पुष्कळ तथ्य आहे. आपल्या घरांत पुरुष आजारी पडला तर त्यास विश्रांती मिळते. स्त्री आजारी पडली तर चार दिवसांनी ती स्वयंपाकघरात दिसू लागते. अशा रुग्णास नीट आखलेली सहल हीच कधी कधी खरी विश्रांती ठरते. मात्र भाड्याचे घर घेऊन तेथेही तिनेच पोळ्या लाटावयाच्या असतील तर ती सहल इतरांची होय. आमच्या डॉक्टरांना एकूणात घरबशा रुग्णाचीही काळजी वाटतेच. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेले, प्रत्येक हालचालीस भिणारे रुग्ण बरे होण्यास अधिक वेळ घेतात. चालणे हे या शस्त्रक्रियेनंतरचे उत्तम औषध आहे. तेव्हा 'वर्षभर कोठे नेऊ नका' हा सल्ला, आप्तेष्टांकडून कितीही प्रेमाने आलेला असला, तरी शास्त्रास धरून नाही.

कागदपत्रे आणि विमा

येथे प्रशासकाच्या अधिकारक्षेत्रात आलो. शस्त्रक्रियेचा निर्गमन सारांश, चालू औषधांची चिठ्ठी आणि अखेरची क्ष-किरण चित्रे यांच्या प्रती जवळ असाव्यात. भ्रमणध्वनीवर छायाचित्रे असली तरी एक कागदी प्रत असू द्यावी, कारण अडचणीच्या वेळी हमखास बॅटरी संपते. गोळ्या हातातील पिशवीत ठेवाव्यात, मोठ्या बॅगेत नव्हे. ट्रामाडोल हे वेदनाशामक भारतात २०१८ पासून अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले आहे आणि संयुक्त अरब अमिरातीतही ते नियंत्रित औषधांत मोडते. दुबईस मुलाकडे जाणाऱ्यांनी ते नेण्यापूर्वी परवानगीची चौकशी अवश्य करावी.

आरोग्य विम्याच्या अनेक पॉलिसींत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे साठ दिवसांचे खर्च मान्य होतात. त्या मुदतीत परगावी औषध वा तपासणी घ्यावी लागली तर मूळ बिल आणि चिठ्ठी जपून आणावी, नुसत्या बिलावर दावा मंजूर होत नाही. परदेश प्रवासाच्या विम्यात पूर्वीचे आजार बहुधा वगळलेले असतात. शस्त्रक्रिया झाल्याचे लपवून पॉलिसी घेणारे गृहस्थ हप्त्यात काही शे रुपये वाचवितात आणि संकटसमयी सारा दावा गमावतात. अर्जात खरे लिहावे. तिकिटे व निवास रद्द करता येतील अशाच प्रकारची घ्यावीत, म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी पाठ दुखू लागली तर 'पैसे बुडतील' या विचाराने कोणी गाडीत बसणार नाही. हा थोडा अधिक खर्च मी तरी विम्याचा हप्ताच मानतो.

प्रवासात पुढील लक्षणे दिसल्यास सहल तेथेच थांबवावी. ताप अथवा जखमेतून स्राव. पायात नव्याने आलेला अशक्तपणा. पोटरीस सूज व दुखणे. छातीत दुखणे किंवा धाप. लघवी वा शौचावरील ताबा जाणे, लघवी अडणे, अथवा बैठकीच्या जागी बधिरपणा येणे ही तर तातडीची शस्त्रक्रिया लागू शकेल अशी स्थिती असते. तेथे सकाळपर्यंत वाट पाहू नये आणि गावातील कोणाकडूनही कंबर चोळून वा बसवून घेऊ नये. महाराष्ट्र व गोवा या दोन्ही राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ज्या गावी मुक्काम आहे तेथून जवळचे मोठे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच एका कागदावर लिहून ठेवावे.

देणगीदारांच्या साहाय्याने चालविल्या जाणाऱ्या आपल्या रुग्णसाहित्य केंद्रातून घडीची कमोड खुर्ची, वॉकर, चाकांची खुर्ची व कंबरेची उशी प्रवासासाठीही मिळते. अनामत रक्कम साहित्य परत केल्यावर पूर्ण परत दिली जाते. मे महिन्यात मागणी अधिक असल्याने नोंदणी पंधरा दिवस आधी करावी. सहलीचा बेत करू इच्छिणाऱ्या रुग्णांनी तिकिटे काढण्यापूर्वी भौतिकोपचार विभागात यावे. येताना निर्गमन सारांश आणावा, आणि सामान उचलणार आहे त्या मुलास अथवा जावयास बरोबर घेऊन यावे.